शिआन: तटाबाहेरचं, आजचं शहर कसं पाहावं?

नकाशावाचक (धागाकर्ता)

चीनमधल्या शिआनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांपाशी सुरू होतं आणि बहुतेक तिथेच संपतं. सैनिक पाहायलाच हवेत, पण ते आहेत शहराबाहेर, लिनतोंगला. खुद्द शिआनमध्ये आज एक कोटीहून जास्त माणसं राहतात, आणि त्यांचं आजचं शहर दोन दिवस राखून पाहण्याजोगं आहे. हा धागा त्या दोन दिवसांसाठी.

आधी शहराची ठेवण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. मिंग राजवटीच्या काळातला (१४ ते १७ वं शतक) तट अजून सलग उभा आहे: परीघ १३.७ किमी, उंची १२ मी, माथ्यावरची रुंदी १२ ते १४ मी. तटाच्या आत चार मुख्य रस्ते जिथे मिळतात तिथे घंटाघर. ते १३८४ चं, पण आत्ताच्या जागी आणलं १५८२ मध्ये. तटाच्या आत इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, त्यामुळे उंच बांधकाम सगळं बाहेर सरकलं. नवं शिआन कुठे सुरू होतं हे नकाशावर शोधावं लागत नाही, तटावरून डोळ्यांनी दिसतं.

म्हणून पहिल्या दिवसाची सुरुवात दक्षिण दरवाजाने करा. मेट्रो २, स्थानक योंगनिंगमन. तटाचं तिकीट ५४ युआन. वर भाड्याने सायकली मिळतात. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात. वरची जमीन विटांची आहे, चाकं सतत दणके खातात. कंबरेचा त्रास असेल तर दक्षिण आणि पूर्व दरवाजामधला भागच करा. पावसात सायकली बंद ठेवतात. वर उभं राहून एकदा आत बघा, एकदा बाहेर. आत उतरती छपरं, बाहेर काचेचे मनोरे, मधे फक्त खंदक आणि बाग.

मग मेट्रो २ नेच दक्षिणेला. लाल रंगाची ही मार्गिका शहरातली पहिली, सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाली. जुन्या शहराचा उत्तर-दक्षिण अक्षच तिने धरला आहे, पण घंटाघर आणि तटाचे दरवाजे यांच्या खालून ती सरळ जात नाही. तिथे दोन्ही बोगदे एकमेकांपासून दूर होतात आणि वास्तूला वळसा घालून पलीकडे पुन्हा जवळ येतात. पायाला हादरे बसू नयेत म्हणून ही खटपट. जुन्याला धक्का न लावता नवं कसं बसवायचं, हाच या शहरातल्या प्रत्येक नव्या बांधकामापुढचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच ते पाहण्यात रस वाटतो.

योंगनिंगमनपासून तिसरं स्थानक शिआओझाय. विद्यार्थ्यांचा, खरेदीचा, रात्री उशिरापर्यंत गजबजलेला भाग. चौकावरून गोल पादचारी पूल आहे. तिथल्या सेग मॉलमध्ये पन्नासेक मीटर लांबीचा एक सलग सरकता जिना थेट वरच्या मजल्यांवर नेतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी लिफ्ट घ्यावी. शिआओझायहून मेट्रो ३ ने एकच स्थानक दायांता, म्हणजे मोठ्या हंसाचा स्तूपमनोरा. तिथे सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोचा.

दुसऱ्या दिवसाचं खाली प्रतिसादांत लिहितो. कोणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

---

खडीसाखर

छान धागा. पण एक शंका. दायांताच्या दक्षिणेला तो दिव्यांचा रस्ता आहे, 'दातांग बुयेछंग', तो तर तांगकालीन (तांग राजवट, ७ ते १० वं शतक) दिसतो. मग तो 'आधुनिक' यादीत कसा?

---

नकाशावाचक

दिसतो तांगकालीन, पण बांधकाम या शतकातलं आहे. जुना आहे तो फक्त मनोरा: इ.स. ६५२ चा. त्याच्या दक्षिणेला सुमारे २ किमी लांबीचा पादचारी रस्ता, दोन्ही बाजूंना तांग घाटाच्या छपरांची दुकानं, नाट्यगृहं, मधोमध पुतळे आणि दिवे. खेळ संध्याकाळनंतर सुरू होतात आणि साधारण दहापर्यंत चालतात.

अशा बांधकामाला तिथे 'नवं तांग' म्हणतात, आणि त्यामागे एक मोठं नाव आहे: वास्तुरचनाकार झांग जिनछिउ. शान्शी इतिहास संग्रहालय (१९९१), तांग उद्यान (२००५) आणि २०११ च्या उद्यान प्रदर्शनातला ९९ मीटरचा छांगआन मनोरा ही त्यांची कामं. छांगआन मनोरा तर पोलाद आणि काचेचा आहे, फक्त छपरांच्या पागोळ्यांची रेषा तांगची. तीन इमारती या क्रमाने पाहिल्या तर वीस वर्षांत ही शैली कशी हलकी होत गेली ते स्पष्ट दिसतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि आधी ऑनलाइन नोंदणी लागते. नोंदणीच्या जागा संपल्या असतील तर निदान बाहेरून तरी बघा.

दिव्यांच्या रस्त्याच्या दक्षिण टोकापलीकडे २०२४ च्या डिसेंबरात उघडलेलं नवं व्यापारी संकुल आहे, ब्रिटिश रचनाकार थॉमस हेदरविक यांच्या कार्यालयाने आखलेलं. भिंतींना, खांबांना हाताने चकाकी दिल्यासारख्या चिनीमातीच्या फरश्या आहेत. काच-पोलादाच्या मॉलपेक्षा हे फार वेगळं. हात लावून बघण्याची इमारत आहे ती.

---

अजिंठावारी

दायांताशी आपला जवळचा धागा आहे, तो इथे नोंदवतो. हा मनोरा उभारला तो युआन श्वांगने (आपल्या पाठ्यपुस्तकांतला ह्युएन त्सांग) भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी. तो ६४५ मध्ये छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला परतला. त्याआधी काही वर्षं तो महाराष्ट्रात होता. पुलकेशीचं राज्य, इथल्या माणसांचा ताठ पण सरळ स्वभाव, उपकार न विसरणं आणि अपमानही न विसरणं, हे सगळं त्याने लिहून ठेवलं. दरीतल्या ज्या विहाराचं वर्णन त्याने केलं, ते अजिंठ्याचं मानलं जातं. मनोऱ्याच्या दक्षिण चौकात त्याचा पुतळा आहे. मराठी माणसाने तिथे दोन मिनिटं थांबावं असं मनापासून वाटतं. त्याची पाठ मनोऱ्याकडे आणि तोंड दिव्यांच्या नव्या रस्त्याकडे आहे.

---

सहा_वाजताची_गाडी

पैशांचं आधी बघा, बाकी नंतर. भारतातून जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते.

शिआनमध्ये भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळे क्यूआर कोडवर चालतात: अलिपे किंवा वीचॅट पे. पण २०२० मध्ये भारत सरकारने या दोन्ही ॲप्सवर बंदी घातली, त्यामुळे आपल्याकडच्या ॲप स्टोअरमध्ये ती दिसत नाहीत. म्हणजे ॲप, कार्ड आणि पासपोर्टची पडताळणी हे सगळं तिथे उतरल्यावर करायचं आहे हे धरूनच चला, आणि पहिला दिवस रोखीवर काढायची तयारी ठेवा.

१. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड न्या. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय वापर' आणि 'ऑनलाइन व्यवहार' हे दोन्ही निघण्यापूर्वी चालू करा. हे पर्याय मुळात बंद असतात.
२. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो. त्या सिमवर निदान एसएमएसपुरतं रोमिंग चालू हवं. लोक तिथलं सिम घालून आपलं काढून ठेवतात आणि मग ओटीपी येत नाही.
३. कार्डावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर पडताळणी अडकते. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.
४. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला ॲपचा आकार (शुल्क) नाही. त्यावर ३ टक्के. बिल मोठं असेल तर दुकानदाराला दोन भागांत घ्यायला सांगता येतं. आपल्या बँकेचा परकीय चलन आकार वेगळा.
५. रोख घ्यायला दुकानांना कायद्याने नकार देता येत नाही, पण सुट्टे नसतात. १०, २० च्या नोटा जवळ ठेवा. १०० ची नोट नूडल्सच्या गाडीवर काढू नका.

---

खडीसाखर

आणि इंटरनेट? गूगल मॅप्सवर सगळी ठिकाणं खुणा करून ठेवली होती.

---

सहा_वाजताची_गाडी

त्या खुणांवर विसंबू नका. चीनमध्ये नकाशांना वेगळी निर्देशांक पद्धत सक्तीची आहे. त्यात प्रत्येक बिंदू मुद्दाम थोडा सरकवलेला असतो. जगभर वापरात असलेले जीपीएसचे अंक त्या नकाशावर टाकले की जागा काही शे मीटर चुकते. म्हणून गूगलवर निळा ठिपका रस्त्याच्या पलीकडे किंवा शेजारच्या गल्लीत दिसतो. शिवाय नवी स्थानकं त्यावर नसतात. 'आमॅप' या चिनी नकाशाची इंग्रजी आवृत्ती आहे, आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशाही तिथे चांगला चालतो. टॅक्सी बोलावताना हीच चूक महाग पडते: चालक बरोबर जागी उभा असतो, तुम्ही रुंद रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप बंद. परदेशी सिमच्या रोमिंगवर किंवा प्रवाशांसाठीच्या ई-सिमवर चालतं, कारण तो डेटा बाहेरच्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतो. त्याच कारणाने भारतात बंद असलेली ॲप्स भारतीय रोमिंगवर अडू शकतात. तेवढ्यापुरतं हॉटेलचं वायफाय वापरा. दोन्ही हाताशी ठेवणं सगळ्यात सोयीचं.

---

रुळावरून

मेट्रोबद्दल थोडं. विमानतळावरून मेट्रो १४ घ्या, बेइकझान (उत्तर रेल्वे स्थानक) इथे मेट्रो २ ला बदला, तिथून दहावं स्थानक झोंगलौ म्हणजे घंटाघर. वेगवान रेल्वेने आलात तरी बहुतेक गाड्या याच उत्तर स्थानकात येतात. 'शिआन' नावाचं जुनं स्थानक वेगळं, ते तटाच्या उत्तर बाजूला, मेट्रो ४ वर. तिकिटावर 'उत्तर' म्हणजे 'बेइ' आहे की नाही ते नीट वाचा. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे.

प्रत्येक मेट्रो स्थानकात सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. पाण्याची बाटली कधी वेगळी तपासतात. गर्दीच्या वेळी या रांगेचे दहा मिनिटं धरा. तिकीट यंत्राला इंग्रजी पडदा आहे. भाडं अंतरावर, २ युआनपासून पुढे.

एक फार उपयोगी गोष्ट: शिआनमध्ये प्रत्येक मेट्रो स्थानकाला स्वतःचं चित्रचिन्ह आहे. अक्षरं वाचता येत नसली तरी डब्यातल्या पट्टीवर चित्र ओळखून उतरता येतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हॉटेलच्या स्थानकाचं चित्र त्यांच्या फोनमध्ये ठेवा.

२०२४ च्या डिसेंबरात सुरू झालेली मेट्रो ८ म्हणजे शहराभोवतीची वर्तुळाकार, चालकाविना धावणारी मार्गिका. गोल असल्यामुळे इथे शेवटच्या स्थानकाच्या नावावरून दिशा कळत नाही, पुढचं स्थानक कोणतं ते बघून फलाट ठरवा.

सुट्ट्यांमध्ये (१ ते ७ ऑक्टोबर, चिनी नववर्ष, मे दिनाचा आठवडा) झोंगलौ आणि दायांताला गर्दी आवरेनाशी झाली की गाड्या तिथे न थांबता पुढे नेतात. तशी घोषणा झाली तर घाबरू नका, एक स्थानक पुढे उतरून चालत मागे या.

झोंगलौला बाहेर पडताना दाराचं अक्षर आधी ठरवा. घंटाघराभोवतीचा चौक जमिनीवरून ओलांडता येत नाही, गोल भुयारी वाट आहे. दोन वळणांत दिशा हरवते.

---

ध्वनिलहरी

स्थानकांची नावं धाग्यात पाटीवरच्या रोमन अक्षरांप्रमाणे लिहिली आहेत, ते बरं केलंत. पण तशीच उच्चारली तर टॅक्सीवाल्याला कळणार नाहीत. मराठी माणसाला मात्र हे उच्चार सोपे आहेत, इंग्रजीपेक्षा कितीतरी.

रोमन 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे फ सारखा महाप्राण. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे चिंचेतला च, 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श. आणि 'झेड' म्हणजे चमच्यातला दंत्य च, जो हिंदीत नाही पण आपल्याकडे आहे. 'झेडएच' ला जीभ टाळूकडे वळवून च म्हणा.

म्हणजे दायांता = ता-येन-था. झोंगलौ = चुंग-लौ. शिआओझाय = श्याव-चाय. बेइकझान = पेइ-ख-चान. सूर चुकले तरी ठिकाणाच्या नावात बहुतेक वेळा निभावतं.

---

गिरणीचा_भोंगा

दुसऱ्या दिवसासाठी माझी शिफारस: दाहुआ १९३५. मेट्रो ४, स्थानक हानयुआनदियान. नावातलं साल कापड गिरणीचं. वायव्य चीनमधल्या सुरुवातीच्या यंत्रगिरण्यांपैकी ही. गिरणी बंद पडल्यावर पाडली नाही. करवतीच्या दातांसारखी छपरं, लोखंडी खांब, उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या काचा, सगळं ठेवून आत गिरणीचं संग्रहालय, छोटी नाट्यगृहं, खानावळी बसवल्या. लालबाग-परळला गिरण्यांची चिमणी तेवढी उरली आणि भोवती मनोरे आले, ते ज्यांना सलतं त्यांनी हे पाहावंच. सकाळी दहानंतर जा, त्याआधी आतलं काही उघडलेलं नसतं.

शेजारीच तांग राजवाड्याचं, दामिंगगोंगचं मैदान आहे. पाया तेवढा उरला आहे, त्यावर २०१० मध्ये मोठं उद्यान केलं. गिरणी आणि राजवाडा मिळून अर्धा दिवस.

शहराच्या पूर्वेला जुन्या पोलाद कारखान्याचंही असंच संकुल आहे, 'लाओ गांगछांग'. तिथे यंत्रांचे सांगाडे रस्त्यात ठेवले आहेत. छायाचित्रं छान येतात, पण वेळ कमी असेल तर दाहुआच निवडा.

---

नकाशावाचक

वा, हेच हवं होतं. दाहुआनंतर दुपारी गाओशिन, म्हणजे उच्च तंत्रज्ञान क्षेत्र. १९९१ पासून राष्ट्रीय दर्जाचं. सॅमसंगचा मोठा स्मृतिचिप कारखाना २०१४ पासून याच भागात आहे. कारखाने आतून पाहता येत नाहीत, पण वस्ती पाहावी. मेट्रो ३ आणि ६ जिथे मिळतात त्या कजी लू स्थानकाभोवती जुनं गाओशिन: झाडं मोठी झालेली, खानावळी स्वस्त. दक्षिणेला जिन्ये लूवर नवं गाओशिन: सुमारे २७० मीटरचे जुळे मनोरे, चार-पाच मिनिटं चालूनही न संपणारे चौक. तिथे पायी फिरायचा बेत करू नका, सायकल घ्या. ॲपवरच्या सायकली मिळतात, पण रंगवलेल्या चौकटीतच लावा. बाहेर लावली तर जादा आकार लागतो.

---

तिळाचं_कूट

शाकाहाराचं कोणी विचारण्याआधीच लिहिते.

शिआनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कारण हा गव्हाचा मुलूख आहे. ल्यांगपी मागा: गव्हाच्या किंवा तांदळाच्या थंड पट्ट्या, काकडी, मोड, गव्हाच्या चिकट प्रथिनाचे सच्छिद्र तुकडे, वरून लसणाचं पाणी, व्हिनेगर आणि लाल तिखटाचं तेल. तिळाच्या वाटणातलीही मिळते. दुसरं यौपो च म्येन: रुंद नूडल्सवर कोरडं तिखट घालून त्यावर कडकडीत तेल ओततात, आपल्या फोडणीसारखा चर्र आवाज येतो. अडचण होते ती इथे: वरून 'साओझ' म्हणजे खिम्याचा चमचा घालतात, आणि काही ठिकाणी रस्सा हाडांचा असतो. 'मांस नको' सांगितलं तर फक्त तुकडे काढून देतात. 'वो छ्र सू' (मी शाकाहारी आहे) म्हणा आणि 'मांस नाही, मांसाचा रस्सा नाही, डुकराची चरबी नाही' हे चिनी अक्षरांत लिहून फोनवर ठेवा.

जैन मंडळींसाठी: बौद्ध शाकाहारी खानावळ शोधा. परंपरेने तिथे कांदा, लसूण, पातीचे प्रकार वर्ज्य असतात. बटाट्याचं मात्र विचारावं लागेल.

---

परदेशस्थ_पाटी

व्हिसा: भारतीय पारपत्रावर आधी व्हिसा काढावाच लागतो. २४० तासांच्या विनाव्हिसा सवलतीच्या यादीत भारत नाही. अमेरिकी पारपत्र असलेल्या मराठी मंडळींना ती मिळते, पण अट नीट वाचा: एका देशातून येऊन तिसऱ्याच देशात जायचं असलं पाहिजे. अमेरिका-शिआन-अमेरिका चालत नाही, अमेरिका-शिआन-मुंबई चालतं. एकाच घरात दोन प्रकारची पारपत्रं असतील तर नियम प्रत्येकाला वेगळा लागू होतो.

नातेवाईक किंवा मित्राकडे उतरणार असाल तर २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात ते काम हॉटेल करतं.

---

रुळावरून

दोन राहिलेल्या गोष्टी. पॉवर बँक: २८ जून २०२५ पासून चीनच्या अंतर्गत विमानांत '३ सी' खूण (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्यांवर ती बहुधा नसते, मग तपासणीत ठेवून द्यावी लागते. शांघाय किंवा ग्वांगझौहून विमानाने शिआनला येणार असाल तर तिथे उतरल्यावर खूण असलेली नवी घ्या, नाहीतर रेल्वेने या. बीजिंगहून सगळ्यात वेगवान गाड्या साडेचार तासांच्या आत आणतात. रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी उघडतात, पारपत्र हेच तिकीट. फाटक गाडी सुटण्यापूर्वी काही मिनिटं बंद होतं, आणि स्वयंचलित फाटकाने पारपत्र वाचलं नाही तर कडेच्या माणसाच्या खिडकीवर जावं लागतं. म्हणून फाटक उघडताच रांगेत उभे राहा.

वीज २२० व्होल्ट, पण आपल्या गोल तीन पायांचा प्लग बसत नाही.

---

खडीसाखर

खूप आभार सगळ्यांचे. महिना कोणता घ्यावा?

---

नकाशावाचक

एप्रिलचा दुसरा पंधरवडा किंवा १० ऑक्टोबरनंतर. सप्टेंबर निवडू नका, तिथे शरदात झिम्माड पाऊस असतो आणि तटावरच्या सायकली हमखास बंद मिळतात. जुलै-ऑगस्ट नागपूरसारखा उन्हाळा. डिसेंबर-जानेवारीत धुरकं इतकं दाटतं की तटावरून बाहेरचे मनोरे दिसतीलच असं नाही, आणि मग पहिल्या दिवसाचा बेतच कोलमडतो. तसं झालं तर क्रम उलटा करा: आधी दाहुआ आणि गाओशिन, आणि हवा उघडली त्या सकाळी तट.